एका लेखकाच्या चार नोंदी

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही परंपरा रुजली. जुने अंक आज ठिकठिकाणच्या ग्रंथसंग्रहालयांत आहेत, काहींची पाने स्कॅनही झाली आहेत. पण एखाद्या अंकात प्रथम छापून आलेली कथा शोधायला जावे, तर सूचीत बहुधा अंकाचे नाव आणि वर्ष एवढेच हाती लागते. आतल्या कथांची, कवींची, चित्रकारांची नोंदच नसते. ज्या पानाची नोंद नाही ते स्कॅन होऊनही वाचकाला सापडत नाही.

नोंदी आहेत तिथे दुसरीच अडचण. एकाच लेखकाच्या कवितासंग्रहांवर ‘कुसुमाग्रज’, नाटकांवर ‘वि. वा. शिरवाडकर’, कुठे संपूर्ण नाव, कुठे रोमन लिपीतले रूप. संगणकाला ही चार वेगळी माणसे वाटतात. जुन्या पुस्तकांवर शके असतो. शके 1865 हा आकडा कुणी इसवी सनाच्या रकान्यात तसाच भरला, की पुस्तक 78 वर्षांनी जुने होते. 1962च्या लेखननियमांपूर्वीची अनुस्वारांनी भरलेली शीर्षके आजच्या लेखनाने शोधली की निसटतात.

ग्रंथालयांच्या जगाने यावर फार पूर्वीपासून विचार केला आहे. 1960च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांनी यंत्राला वाचता येईल अशी ‘मार्क’ ही नोंदपद्धती घडवली. 1995मध्ये ओहायोतल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ निघाले. पुढे त्यात कर्ता, शीर्षक, विषय, दिनांक असे 15 रकाने ठरले. 2002मध्ये शैक्षणिक साहित्यासाठी वेगळे प्रमाण आले. धडा कोणत्या वयाच्या मुलांसाठी, किती अवघड, हेही त्यात नोंदवता येते. आपल्याकडे आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र आणते.

मात्र रकाने सारखे झाले म्हणजे काम झाले, असे मानणे मला मान्य नाही. ‘कर्ता’ या रकान्यात प्रत्येकाने वेगळे नाव लिहिले, तर एकत्र आलेल्या नोंदींतून नुसता गोंधळ वाढतो. कविता शिकवणाऱ्या शिक्षिकेला मूळ अंकातले पान, पाठ्यपुस्तकातला धडा आणि ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या डिजिटल संग्रहातला प्रबंध एकाच शोधात मिळायला हवा. त्यासाठी मराठी लेखकांची एक सामाईक नामसूची लागेल: मूळ नाव, टोपणनावे, जन्ममृत्यूची वर्षे आणि प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक. हे काम विद्यापीठे, ग्रंथसंग्रहालये आणि शासनाच्या भाषाविषयक संस्थांनी मिळूनच करावे लागेल. कुणा एका संस्थेने आपल्यापुरती यादी केली, तर आणखी एक न जुळणारी यादी तेवढी वाढेल. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 या काळातल्या पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1943मध्ये छापली, तेव्हा संगणक नव्हता. हे काम आपल्या आवाक्यातले आहे असे मी म्हणतो, ते त्यांच्याकडे पाहून.

आमच्यापुरती सुरुवात या दिवाळी अंकापासून. अनुक्रमणिकेत प्रत्येक लेखक, अनुवादक आणि चित्रकाराचे पूर्ण नाव व टोपणनाव, साहित्यप्रकार आणि पृष्ठांक दिले आहेत. तीच अनुक्रमणिका डब्लिन कोअरच्या रकान्यांत भरून ठेवली आहे. कोणत्याही ग्रंथालयाने ती परवानगी न मागता घ्यावी, आणि इतर दिवाळी अंकांच्या संपादकांनी आपापल्या अंकांची अशीच यादी करावी, ही कळकळीची विनंती.