समुद्री साळिंदर आणि देवाचा कोप

कोल्हापूरहून घाट उतरून मालवणला सहल गेली की मुले आधी खडकांकडे धावतात. अशाच एका सहलीत एका मुलाच्या तळव्यात काळे काटे मोडले. "समुद्राला नारळ दिला नाही, म्हणून झाले," असे कोणीतरी म्हणालेच! पायावर उपचार झाल्यावर आम्ही सर्वांना त्या जागी नेले.

खडकाच्या खळग्यात काळाकुट्ट, काट्यांचा चेंडू बसला होता. हा सी अर्चिन, म्हणजे समुद्री साळिंदर. शास्त्रीय नाव स्टोमोन्यूस्टिस व्हॅरिओलॅरिस. लाटांचा मारा बसणाऱ्या खडकांच्या भेगांत तो राहतो. त्याला डोळे नाहीत. तोंड खालच्या बाजूस, त्यात पाच दात. त्यांनी खडकावरचे शेवाळ खरवडून तो पोट भरतो. बारीक नळीसारख्या पायांनी सावकाश सरकतो. तो कोणाच्या अंगावर येत नाही. आपलाच पाय त्याच्या घरात पडतो.

यात कोप कुठे आला? आपला धम्म 'एहि पस्सिको' आहे : या आणि स्वतः पाहा.

बंधू-भगिनींनो, नारळाचे पैसे मुलांच्या चपलांना लावा. काटा मोडलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, वर दिसणारा काटा चिमट्याने काढा. खोल गेला असेल तर कोरू नका, डॉक्टरांना दाखवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचेही विचारा.

आणि त्या जिवाला दगडाने ठेचू नका. मालवणचा समुद्र १९८७ साली अभयारण्य झाला. पंचशीलातले पहिले शील तर त्याआधीपासूनच आहे.

जय भीम!