दूधवाल्याला खाडा नसतो

रतीब हा शब्द आता आपल्या घरांत कमी ऐकू येतो. तो मूळचा अरबी. रातिब म्हणजे ठरलेलं, नेमून दिलेलं. मराठीत तो रोजच्या ठरलेल्या दुधाला चिकटला, आणि तिकडे आखातात आजही महिन्याच्या पगाराला रातिबच म्हणतात. रत्नागिरीतल्या कितीतरी घरांचं एक माणूस कुवेत, सौदी किंवा दुबईला आहे. त्याला तिकडे मिळतो तो रातिब, आणि त्यातून इथे घरी लागतो तो रतीब. तिकडचा रातिब चार दिवस लांबला तर घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात. इकडे दूधवाल्याचे पैसे द्यायचे राहून दहा तारीख उलटली तरी कुणाला काही वाटत नाही. मी या दुसऱ्या टोकाला तीन वर्षं उभा होतो, म्हणून त्याबद्दल लिहितो आहे.

१९९४ ते १९९७ या काळात कॉलेज करता करता मी दूध टाकायचो. पहाटे चारला जयस्तंभाजवळ कोल्हापूरकडून टेम्पो यायचा. क्रेट उतरवायचे, पिशव्या मोजून घ्यायच्या, सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी थैल्या अडकवायच्या आणि उतार लागायचा. राम आळी, गोखले नाका, धनजी नाका, मग खालची आळी आणि मांडवी. कुठे कडीला कापडी पिशवी अडकवलेली असायची. कुठे पायरीवर पातेलं, त्यावर झाकण, आणि मांजराने पाडू नये म्हणून झाकणावर दगड. साडेसहाच्या आत शेवटचं घर झालं पाहिजे, कारण तिथली मुलं दूध पिऊन शाळेत जायची. फुटलेली पिशवी आमच्या अंगावर. एका पिशवीमागे सुटायचे ते काही पैसे, आणि दोन पिशव्या फुटल्या की त्या दिवसाची निम्मी फेरी फुकट.

बाहेरच्या माणसाला एक प्रश्न पडतो. कोकण एवढं हिरवंगार, मग दूध घाटावरून का आणावं लागतं? आपली गावठी गाय, जिला आता 'कोकण कपिला' म्हणून वेगळ्या जातीची मान्यता मिळाली आहे, ती अंगाने लहान. डोंगरउताराला आणि मुसळधार पावसाला टिकते, पण दूध देते थोडं. पावसाळा संपला की हिरवं गवत वाळतं, आणि पेंड विकत आणून जनावर पोसणं परवडत नाही. उलट कोल्हापूरकडे ऊस, पाणी, हिरवा चारा आणि गावोगावच्या सहकारी दूध संस्था. तिथला 'गोकुळ' संघ १९६३ पासून उभा आहे. म्हणून आपला सकाळचा चहा आंबा घाटावर अवलंबून असतो. २०२१ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत त्या घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहनं बंद झाली, तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पण घाट उतरून आलेलं दूध जयस्तंभावरून आपल्या कडीपर्यंत येतं, ते कुणाच्या पायांवर, हे मात्र अजून फारसं लक्षात येत नाही.

रतीब म्हणजे नुसती पोच नव्हे. तो दोन्ही बाजूंनी दिलेला शब्द असतो. दूधवाल्याला दोन्ही पंचांगं पाठ असावी लागतात. गणपतीत चाकरमानी आले की घरटी दूध दुप्पट. कोजागिरीला जादा. रमजानमध्ये सहेरीच्या आधी पोचायचं, म्हणजे फेरीच उलटी फिरवायची. पण खरी कसोटी २९ व्या रोज्याची. चंद्र दिसला तर उद्या ईद आणि शीरखुर्म्याला घरटी दोन-तीन लिटर जादा. जादा दुधाची मागणी मात्र दुपारीच कळवावी लागायची, म्हणजे चंद्राच्या आधी. चंद्र नाही दिसला तर ते दूध नासायचं आमच्याकडे. काही घरं दुपारीच सांगायची, "बाळा, चंद्र दिसो न दिसो, आमचे दोन लिटर टाक." काही घरं म्हणायची, "बघू, दिसला तर घेऊ." दोन्ही घरं भली होती. पण रतीब लावला होता तो पहिल्या घराने. दुसरं घर फक्त गिऱ्हाईक होतं.

आपल्याकडे लहानपणी एक गोष्ट सांगतात. हजरत उमर रात्री मदिनेत फिरत असताना एका घरातून आवाज येतो. आई मुलीला दुधात पाणी घालायला सांगते आहे, आणि मुलगी नकार देते, कारण खलिफा पाहत नसले तरी अल्लाह पाहतो आहे. पुढे उमर त्या मुलीला सून करून घेतात. गोष्ट सुंदर आहे, आणि दूध विकणाऱ्याच्या प्रामाणिकपणाची आहे. आता दूध बंद पिशवीत येतं. पोरगा त्यात पाणी घालूच शकत नाही. मग परीक्षा उरली कुणाची? घेणाऱ्याची. दूध घेऊन झाल्यावर "कालचा खाडा धर" म्हणणाऱ्याची. पैसे "पुढच्या महिन्यात एकदम" म्हणणाऱ्याची. मजुराची मजुरी वेळेवर द्यावी हे आपण मशिदीत कितीदा ऐकतो. ऐकून घरी येतो, तेव्हा कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे आकडे तसेच पडून असतात.

रोज दारात येणाऱ्या माणसाला ओळखण्याचा एक फायदा मी २०२० मध्ये पाहिला. टाळेबंदीत दूध अत्यावश्यक, म्हणून फेरी चालू होती आणि माझा मामेभाऊ ती करत होता. त्याच वेळी मुसलमान विक्रेत्यांकडून काही घेऊ नका, असे मेसेज देशभर फिरत होते. त्याच्या दोन घरांनी रतीब बंद केला. बाकीच्यांनी केला नाही. एका आजींनी तर त्याच्यासाठी दाराबाहेर साबण आणि पाण्याची बादली ठेवली. कुणी भाषण केलं नाही. दहा वर्षं पहाटे कडी वाजवणारा पोरगा आणि मोबाईलवरचा मेसेज, यांतला कोणता ओळखीचा, एवढाच तो हिशेब होता. दोन घरांचं दुःख त्याला झालंच. पण ती दोनच होती, हेही तो विसरत नाही.

आता मोठ्या शहरांत ॲपवर दहा मिनिटांत दूध येतं. सोय वाईट नाही, आणि जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणणार नाही. पहाटे तीनला उठण्यात, पावसात चढ चढण्यात सोनं कसलं? माझं म्हणणं वेगळं आहे. आपण मुंबईला गेलो की खाडा धरतो आणि पैसे वाचवतो. दूध टाकणाऱ्याला मात्र वर्षात एकही खाडा नाही. ताप आला तरी नाही, ईदच्या पहाटेही नाही.

हे बदलायला सरकारची वाट पाहायची गरज नाही. पिशवीचं दूध फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत सहज टिकतं. एका आळीतल्या घरांनी ठरवलं, की शनिवारी दुप्पट घेऊ आणि रविवारी त्याला सुट्टी, तर त्याला आठवड्याला एक सकाळ मिळते. पोच म्हणून रोजचे दोन रुपये वेगळे दिले, तर घरटी महिन्याला ६० रुपये होतात, शंभर घरांचे ६ हजार. आपल्याला तो एका हॉटेलातला चहा-नाश्ता, त्याला मुलाची फी. आणि १६ ते ५९ वर्षांच्या असंघटित कामगाराची ई-श्रम पोर्टलवर नोंदणी मोफत होते. आपल्या घरातला कॉलेजला जाणारा पोरगा ती त्याला करून देऊ शकतो.

आणि पैसे एक तारखेला द्या. आपला रातिब ज्या दिवशी येतो, त्याच दिवशी.