कोनच्या घरांचा हिशेब

पनवेलजवळ कोन येथील सुमारे २,४०० घरांची सोडत गिरणी कामगारांसाठी २०१६ साली निघाली. भाडेतत्त्वावरील योजनेसाठी बांधलेल्या १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून ३२० चौरस फुटांचे एक घर करण्यात आले. २०२० साली कोरोनाच्या साथीत याच इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या, आणि आयुष्याच्या उतारावर असलेल्या माणसांना ताब्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागले. तरीही सरकारी हिशेबात तेवढ्यापुरता प्रश्न सुटला. कारण त्या हिशेबात घरे मोजली जातात, त्यांतील जगणे नव्हे.

घर बदलल्याने माणसाचे बरे झाले की वाईट, हा भावनेचा नव्हे, संशोधनाचा विषय आहे. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या १९४५ च्या जाहीरनाम्याचा मसुदा करणारे मायकेल यंग यांनी पीटर विल्मट यांच्यासह तो हाती घेतला. लंडनच्या बेथनल ग्रीन या कामगार वस्तीतून शहराबाहेरच्या वसाहतीत गेलेल्या कुटुंबांना ते प्रत्यक्ष भेटले. १९५७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की घर अधिक चांगले मिळाले, मुलांना मोकळी हवा मिळाली. पण आई, बहीण, शेजारीण यांचे रोजचे येणे-जाणे तुटले. मजूर पक्षाला ज्या धोरणाचा अभिमान, त्याचीच ही उलटतपासणी होती. आपल्याकडील पक्षांत, आपलाही धरून, ही सवय विरळच.

गिरणगावात अशी नाती अर्थव्यवहाराचाच भाग होती. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गावकरी, महिनाअखेर पैसे घेणाऱ्या खानावळवाल्या बाया, वाण्याची उधारी यांचा आधार कामगाराला वाईट दिवसांत असे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच खानावळवाल्या स्त्रियांचे. चाळीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सार्वजनिक संडासापुढची रांग कोणालाच प्रिय नव्हती. परंतु रात्री-अपरात्री केईएमपर्यंत सोबत येणारा शेजारी सुमारे चाळीस किलोमीटरांवर नेता येत नाही, आणि ती हानी घराच्या किमतीत कोणी धरत नाही.

त्यानंतर शेलू व वांगणी येथे, म्हणजे आणखी दूर, घरे देऊ करण्यात आली. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर जमलेल्या कामगारांनी आणि वारसांनी घरे मुंबईतच मागितली. हा हट्ट आहे असे म्हणण्यापूर्वी कोनचा अनुभव तपासावयास हवा.

पनवेलच्या कार्यकर्त्यांना हे काम सरकारची वाट न पाहता करता येईल. घरोघर विचारावयाचे ते थोडकेच. येथे कामगार स्वतः राहतो, वारस राहतो की भाडेकरू? देखभाल खर्च आणि प्रवासभाडे वजा जाता हाती काय उरते? गेल्या महिन्यात शेजारच्या किती घरांत जाणे झाले? रात्री छातीत दुखू लागले तर हाक कोणाला मारणार? कुलूपबंद घरांची नोंद वेगळी ठेवावी. आणि जमलेली उत्तरे म्हाडाच्या दारी नेण्यापूर्वी कोनच्याच रहिवाशांच्या सभेत वाचून दाखवावीत.