चारांतला एक

गेल्या महिन्यात भाचीकडे आठ दिवस राहायला गेले होते. रात्री जेवणं आटोपून ओटा आवरला की ती आणि जावई दिवाणावर बसून एक अमेरिकन मालिका लावायची. पहिल्या दिवशी मी कंटाळून आत जाऊन झोपले. रोज रोज तेच पोलीस नि तेच चोर, आणि तोंडात काय ती भाषा! दुसऱ्या दिवशी भाची म्हणाली, "मावशी, आज बस. तुझ्यासाठी चौथं पर्व लावते. शाळेवर आहे." बसले, आणि मग घरी परत यायचा दिवस दोनदा पुढे ढकलला!

मालिकेचं नाव 'द वायर'. २००२ ते २००८ या काळात एच.बी.ओ.वर तिचे साठ भाग झाले. अमेरिकेतल्या बॉल्टिमोर शहरात गर्द विकणाऱ्यांचे टेलिफोन पोलीस चोरून ऐकतात, त्यावरून हे नाव. डेव्हिड सायमन यांनी ती लिहिली. ते पूर्वी तिथल्याच वर्तमानपत्राचे बातमीदार होते. त्यांच्या जोडीला एड बर्न्स. हे आधी पोलिसांत होते आणि नंतर शाळामास्तर झाले. चालू असताना मालिकेला एमीचं बक्षीस एकदाही मिळालं नाही. पुढे मात्र २०१० साली हार्वर्ड विद्यापीठात तिच्यावर वर्ग घेतले गेले, ओबामांनी अध्यक्ष असताना सायमनना बोलावून कायद्यांविषयी चर्चा केली, आणि २०२१ साली बी.बी.सी.ने जगभरच्या जाणकारांना विचारलं, तेव्हा या शतकातली सर्वांत चांगली मालिका म्हणून हिचाच पहिला नंबर आला.

एवढं कौतुक कशाचं? माझ्या मते, इथे गुन्हेगार सापडला की गोष्ट संपत नाही. एक पकडला की त्याच नाक्यावर दुसरा उभा. मग मालिका मागे मागे शोधत जाते. बंदरात कामं का नाहीत, नगरपालिकेत काय चालतं, शाळेत काय होतं, वर्तमानपत्रं काय छापतात? पोलीस कचेरीत गुन्ह्यांचे आकडे कमी दिसावेत म्हणून खटपट चालते. तिथलाच एक पोलीस नोकरी सोडून शाळेत गणित शिकवायला येतो, तर तिथेही तेच! मुलांना आलं नाही तरी चालेल, परीक्षेचे आकडे वर गेले पाहिजेत. हे ऐकून मी जावयांकडे बघितलं. त्यांनी आदल्याच दिवशी मुलीच्या टक्क्यांवरून घर डोक्यावर घेतलं होतं.

त्या शाळेत आठवीतली चार मुलं आहेत. एकाच्या अंगाला वास येतो, कारण घरचे सगळे नशेत. धुतलेला कपडा त्याला ठाऊकच नाही. गणिताचे मास्तर गुपचूप त्याचे कपडे धुऊन आणतात आणि डब्यातलं खायला देतात. दुसऱ्याची आई घरातलं वाणसामान विकून नशा करते, म्हणून धाकट्या भावाचं सगळं तोच बघतो. तिसरा सांभाळ करणाऱ्या बाईंकडे राहतो. आणि चौथ्याची आई त्याला नाक्यावर गर्द विकायला धाडते! बाप तुरुंगात, मुलाने आता कमवायला नको का, असं म्हणते. मुलगा घाबरतो तर ती त्यालाच टोचून बोलते. चारांतला हाच एक वाचतो. एक निवृत्त पोलीस अधिकारी तुरुंगात जाऊन बापाकडे मुलगा मागून घेतो, म्हणून.

या आईचा मला इतका राग आला की भाचीला म्हटलं, "असली आई असते का कुठे?"

तेव्हा तिने मला फ्रान बॉइड या बाईंची हकिगत सांगितली. ही खरी बाई. १९९३ साली सायमन आणि बर्न्स बॉल्टिमोरच्या एका नाक्यावर वर्षभर जाऊन बसले आणि तिथल्या माणसांवर त्यांनी १९९७ मध्ये पुस्तक काढलं. त्यात ही फ्रान आहे. स्वतः नशेत बुडालेली, आणि मुलगा डीअँड्रे नाक्यावर गर्द विकणारा. तशीच आई, तसाच मुलगा. मला आपलं वाटलं, आता हिला शिव्या घालायला आणखी कारण मिळालं! पण पुढे ऐका. डॉनी अँड्र्यूज नावाचा एक माणूस खुनाबद्दल जन्मठेप भोगत होता. गर्द विकणाऱ्यांना बंदूक दाखवून लुटायचा, आणि शेवटी बर्न्स यांच्याच स्वाधीन झाला होता. मालिकेतला ओमार बराचसा याच्यावरून घेतलाय. या लेखकांनी तुरुंगातल्या डॉनीची आणि फ्रानची टेलिफोनवर ओळख करून दिली. तो रोज समजूत घालायचा, ती ऐकायची, भांडायची. शेवटी तिने नशा सोडली. तो २००५ मध्ये सुटला आणि २००७ मध्ये दोघांनी रीतसर लग्न केलं.

मालिकेने शहर सुधारलं असं कोणी म्हणू नये. उलट बॉल्टिमोरचं नाव काढलं की लोक अजून गर्दचंच बोलतात, आणि तिथल्या रहिवाशांना ते टोचतं. किमा नावाची पोलीस बाई झालेली सोन्या सोन हिने मात्र तिथल्या वाट चुकलेल्या पोरांसाठी २००९ साली संस्था काढली. बाकी तक्रार माझीही आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीत बायका मोजक्याच, आणि आया तर बहुतेक वाईटच.

बघणार असाल तर मुलं झोपल्यावर बघा आणि खाली अक्षरं लावून घ्या; त्यांचं इंग्रजी भाचीलासुद्धा कळत नव्हतं.

फ्रानचा मुलगा डीअँड्रे याने 'द वायर'मध्ये छोटंसं काम केलंय, एका गुंडाच्या हाताखालच्या माणसाचं. २०१२ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो जास्त नशा होऊन गेला. आई सुटली होती, तो सुटला नाही. भाचीने त्याचा प्रसंग मागे नेऊन मला दाखवला. मी तिला तो पुन्हा एकदा लावायला सांगितला.