हप्ता भाडेकरू फेडत नाही

‘दुसरा फ्लॅट घेऊन टाक, हप्ता भाडेकरूच फेडेल,’ हा सल्ला पुण्यात लग्नाच्या पंगतीतही मिळतो आणि बिल्डरच्या ऑफिसातही. देणारे बहुधा हितचिंतकच असतात, पण सल्ला साफ चुकीचा आहे.

एक कोटीचा टू बीएचके धरू. वीस लाख पदरचे, ऐंशी लाख कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता होतो सुमारे ६९,४०० रुपये. भाडे २८ हजार धरू. त्यातून सोसायटीचा चार हजार मेंटेनन्स जातो. भाडेकरू दरवर्षी बदलला, तर एक महिना घर रिकामे राहते आणि एक महिन्याचे भाडे एजंट घेतो. मिळकतकर भरायचा तो वेगळाच. हातात वीस हजारसुद्धा उरत नाहीत. राहिलेले पन्नास हजार दरमहा पगारातून जातात. शिवाय खरेदीच्या वेळीच मुद्रांक शुल्कापोटी सात टक्के, म्हणजे सात लाख, गेलेले असतात.

यावर उत्तर येते, ‘पण करात सूट मिळते ना!’ नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, तोही वर्षाला दोन लाखांपर्यंतच. दुसरे उत्तर, ‘भाव वाढतील.’ वाढतीलही. पण तो पैसा घर विकल्यावर हातात येणार, आणि हप्ता तर पाच तारखेला जातो!

म्हणून भाड्यासाठी घर घेऊच नये का? जरूर घ्यावे. भाड्याच्या घरांवाचून शहर चालत नाही. शिकायला, नोकरीला येणाऱ्यांनी राहायचे कुठे? माझे म्हणणे एवढेच की कर्ज भाड्याच्या मापाने काढावे. हातात पडणाऱ्या वीस हजारांत, याच दराने, तेवीस लाखांचे कर्ज फिटते. बाकीची रक्कम जवळ असेल तर घ्यावे, नसेल तर थांबावे. घर भाड्याने देणे हा धंदा आहे आणि धंद्याला भांडवल लागतेच.

धंदा म्हटला की कागद आले. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात घातक आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. उलट, नोंदवलेला करार हाती असेल तर मुदत संपूनही जागा अडवणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते.

आणि भाडेकरू निवडताना जात, धर्म, ‘फॅमिली की बॅचलर’ असल्या चौकशा करणाऱ्यांची मला चीड येते. माणसाचा अपमान तर होतोच, वर चांगला भाडेकरू हातचा जातो. त्याचे उत्पन्न पाहा, आधीच्या घरमालकाला फोन करा. गिझर बिघडल्याचा निरोप आला की त्याच दिवशी माणूस पाठवा. दीड हजाराच्या दुरुस्तीसाठी चालढकल केली आणि तो घर सोडून गेला, तर रिकामा महिना आणि दलाली मिळून ५६ हजारांना फटका बसतो.