नोंदीचा गठ्ठा मधेच तुटला तर



सिद्धेश्वरच्या पाण्यावर ऊस वाढतो खरा, पण तुटतो तो नोंदीच्या तारखेवर. लागण नोंदीचे अर्ज गठ्ठ्याने कॉम्प्युटरवर चढवताना मुख्य यंत्र बंद पडले, काम जोडीच्या यंत्रावर गेले अन् एक गठ्ठा अर्ध्यावर राहिला. "सगळा पुन्हा चढवा, झालं," असे काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. चढलेले अर्ज दुबार पडतात, एका एकराचे दोन एकर दिसतात, तोडणीचा प्रोग्राम तिथेच बिघडतो. आणि चढले असतील म्हणून सोडून दिले, तर कुणाचा तरी ऊस एप्रिलच्या उन्हात वाळत उभा राहतो. वजन त्याचेच जाते.

जोडीच्या यंत्रावर शेवटच्या काही नोंदी पोचलेल्याच नसतात, तेव्हा कागदावरच्या 'चढले' या खुणेवर विसंबू नये. नक्की चढलेला शेवटचा अर्ज शोधावा, पुढचा एकेक कागद गट नंबर, क्षेत्र, जात लावून ताडावा, मगच राहिलेले चढवावे. चार दिवस जातील, जाऊ द्या. लागणीची तारीख मात्र अर्जावरचीच धरायची, चढवल्या दिवसाची नव्हे.

यादी गट ऑफिसात लावतो आहोत. पोचपावती घेऊन या, अन् आपले नाव एकदाच आहे ना, ते बघून जा.