बसतंय ना, मग झालं!

आमच्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये निळ्या ताडपत्रीखाली एक राजदूत ३५० उभी आहे. तिचं पुढचं चाक काढलेलं आहे, आणि मालकाच्या गळपट्टीच्या हाडात सध्या प्लेट आहे. मालक माझा रूममेट. त्यामुळे या विषयावर मी शांत डोक्याने लिहीन अशी अपेक्षा कृपया ठेवू नका.

एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५० वरून काढली. जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, आपल्याकडे आला ड्रम. पळायला वाघ, थांबायला कासव! त्यामुळे तिला डिस्क लावावीशी वाटणं यात काहीच चूक नाही. "ओरिजिनल नट-बोल्टसुद्धा बदलायचा नाही" म्हणणाऱ्या शुद्धतावाद्यांशी माझं जमत नाही. गाडी फिरवायची असेल तर ती थांबली पाहिजे.

पण आम्ही काय केलं? जुन्या बाजारातून एका नव्या बाईकचं डिस्कवालं चाक आणलं. बेअरिंगचं भोक एक्सलपेक्षा ३ मिमी मोठं, म्हणून लेथवर बुश काढून घेतला. चाक एका बाजूला सरकत होतं, तिथे वॉशर घातले. रिम फोर्कच्या मधोमध आहे का, मागच्या चाकाशी एका रेषेत आहे का, हे दोरी लावून पाहायला पाच मिनिटं लागतात. ती आम्ही दिली नाहीत. फोर्कला कॅलिपर धरायची जागाच नव्हती. मेकॅनिकने लोखंडी पट्टी वाकवून फोर्कच्या नळीला क्लॅम्प आवळला आणि म्हणाला, "बसतंय ना? मग झालं!" मी, थर्ड इयर मेकॅनिकल, शेजारी मोबाईलचा टॉर्च धरून उभा होतो.

आता जो हिशोब तेव्हा करायला हवा होता तो करतो. गाडी आणि चालक मिळून सव्वादोनशे किलो. जोरात ब्रेक दाबला की पुढच्या टायरवर १००० न्यूटन बळ सहज येतं. टायरची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. पॅड डिस्कला धरतात ०.१ मीटर त्रिज्येवर. म्हणजे कॅलिपरवर ३००० न्यूटन! तीनशे किलोचं वजन त्या पट्टीला लटकवल्यासारखंच. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्सचं गणित आहे हे, यात केटी लागलेल्यालाही जमेल.

चौथ्या दिवशी गेटसमोर कुत्रं आडवं आलं. क्लॅम्प फिरला, कॅलिपर तारांमध्ये गेला, चाक जाम. वेग तिशीच्या आत होता म्हणून हाडावर निभावलं.

वाईट म्हणजे त्याआधीचे तीन दिवस आम्ही "काय कडक ब्रेक झालाय!" म्हणून खूश होतो. लिव्हर कडक लागणं म्हणजे ब्रेक चांगला, हा एक गोड गैरसमज. समजा कॅलिपरला १२.७ मिमीचा मास्टर सिलेंडर हवा आहे आणि तुम्ही १४ चा लावलात. क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, आणि बोटांच्या तेवढ्याच जोरात दाब १८ टक्क्यांनी घटतो. लिव्हर मात्र दगडासारखा लागतो.

ड्रमवाल्यांनीही हसू नये. दोन्ही शू लीडिंग असलेली प्लेट उलट्या बाजूला बसवली की दोन्ही शू ट्रेलिंग होतात. दिसायला सगळं फिट्ट, ब्रेकचा जीव गेलेला. आणि प्लेटला अडवणारा फोर्कवरचा खुंटा खाचेत बसला नाही, तर प्लेटच चाकाबरोबर फिरते.

मेकॅनिकला शिव्या घालणं सोपं आहे. त्याच्याकडे पान्हा होता, माझ्याकडे पुस्तक होतं. "जुगाड" या शब्दाचं आपल्याकडे जरा जास्तच कौतुक होतं. सायलेन्सर तारेने बांधा, सीट उशीची करा, माझी हरकत नाही. ब्रेकला जुगाड नको. (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे. आम्ही ते वाचलं हॉस्पिटलच्या बाकावर.)

आता जुना ड्रम परत लावायचा की फोर्कला नीट ब्रॅकेट करायचा, यावर रूममध्ये रोज वाद चालतो. मी ब्रॅकेटचं ड्रॉइंग काढायला घेतलंय. वर्कशॉपच्या सरांकडे मिलिंग मशीन मागितली, तर सर म्हणाले, "आधी कॅल्क्युलेशन दाखव."